जावयाने उतरवलेला ताप

गावात सगळे ज्यांना तापवाले म्हणतात, त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या कचेरीत, टेबलाखाली मांडी घालून बसलेले. कचेरीतला कॉम्प्युटर चालता चालता मान टाकायचा, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावलं होतं. मी खडूचा खोका घ्यायला आत गेले, तर हे गृहस्थ त्या लोखंडी डब्याच्या अंगावर तळहात ठेवून डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी हात उलटा केला आणि पालथा लावून पाहिला, जसा आपण लेकराच्या कपाळाला लावतो.

"कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

ज्यांच्यापुढे शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत सगळे चळचळा कापत, त्या आमच्या मुख्याध्यापिकाबाई एकदम आईच्या सुरात म्हणाल्या, "गेल्या आठवड्यापासून. काम दिलं की वाढतो."

"रात्री कण्हतो का?"

"रात्रीचं कसं सांगू हो, आम्ही संध्याकाळी कुलूप लावून जातो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर अपराधी झाला होता.

तापवाल्यांनी डबा उघडला. आतला पंखा आणि त्याखालची धातूच्या पात्यांची जाळी सोडवली. तिच्याखाली प्रोसेसर होता, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरासा मोठा चौकोन. विचार करायचं सगळं काम हाच करतो आणि तापतोही हाच, असं त्यांनी आम्हाला समजावलं. याची उष्णता वरच्या जाळीत जायला हवी. दोन्ही पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत, पण टेकतात मात्र जागोजागीच, आणि मधल्या फटींत हवा अडकते. म्हणून मध्ये एक लेप लावतात. तो वर्षानुवर्षं तापून वाळला की याचा ताप बाहेर पडेनासा होतो. त्यांनी नखाने तो जुना लेप खरवडून दाखवला. भिंतीच्या पोपड्यासारखा निघाला. मग स्पिरिटच्या बोळ्याने सगळं पुसून त्यांनी मधोमध मुगाच्या दाण्याएवढा नवा लेप ठेवला, जाळी दाबून बसवली आणि सगळे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. अर्ध्या तासाने पुन्हा पालथा हात लावला आणि म्हणाले, "उतरला." मुख्याध्यापिकाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. जाताना, आज त्याला फार ताण देऊ नका, असंही ते सांगून गेले. याला काहीही शास्त्रीय आधार नव्हता, पण बाईंनी त्या दिवशी कुणालाही कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही.

पुढे कळलं की तापवाल्यांची बायको माझीच जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना ती फळ्यावरचं उतरवून घेताना माझ्या चुकाही दुरुस्त करायची. आता दातांच्या दवाखान्यात काम करत होती. निवृत्त झाल्यावर माझं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं, आणि पहिल्याच भेटीत मी चमकले. गावभर कॉम्प्युटरचे ताप उतरवत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या बैठकीत, कोपऱ्यातल्या टेबलाखाली, एक जुनाट डबा अक्षरशः घरघर लागल्यासारखा आवाज करत होता. मी तापवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"त्याला हात लावायची यांना बंदी आहे बाई," माझी विद्यार्थिनी म्हणाली. "तो बाबांचा आहे."

बाबा म्हणजे तिचे वडील, तापवाल्यांचे सासरे. पूर्वी ते एका मोठ्या गोदामात मुकादम होते आणि अजूनही सगळे त्यांना मुकादमच म्हणत. ते गोदामात शिरले की हातातला चहा अर्धा टाकून माणसं उठायची, असं त्यांची लेक अभिमानाने सांगे. ते निवृत्त झाले तेव्हा गोदामातला जुना कॉम्प्युटरही मोडीत निघाला होता. तो ते घरी घेऊन आले. बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आले तेव्हा तो डबा त्यांनी मांडीवर घेऊन आणला, कपड्यांची पेटी मागून आली.

त्या कॉम्प्युटरवर ते रोज सकाळी बुद्धिबळ खेळत. तेही सगळ्यात कठीण पातळीवर. आणि आजवर एकदाही हरले नव्हते.

त्यातली मेख मला त्याच दिवशी दिसली. डाव सुरू झाला. मुकादमांनी पाच-सहा चाली केल्या, त्यातली एक तर माझ्यासारखीलाही वेडगळ वाटली. कॉम्प्युटर विचार करू लागला. कठीण पातळीवर त्याला फार विचार करावा लागतो, आणि विचार वाढला की ताप वाढतो. पंखा कण्हू लागला, डब्यातून गरम हवेचे झोत येऊ लागले, आणि मुकादमांचा राजा चहूबाजूंनी अडकलेला असताना पडदा काळा झाला. अति तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र आपलं आपण बंद होतं, हे तापवाल्यांनी नंतर मला स्वयंपाकघरात, हळू आवाजात सांगितलं.

मुकादमांनी मात्र हात झटकले. "गेला पळून," ते म्हणाले, आणि भूक लागली म्हणून पानावर जाऊन बसले. तेवढ्या एका डावासाठी हा माणूस सकाळी उठून दाढी करतो, असं लेक म्हणाली. आई गेल्यापासून दुसरं काही उरलेलंच नव्हतं.

तापवाल्यांची अवस्था बघवत नव्हती. गिऱ्हाईक घरी आलं की ते मोठ्याने बोलू लागत, मध्येच खोकत, नळ सोडून ठेवत. तरी एखादा विचारायचाच, "तो कोण कण्हतोय?" हलवायाच्या घरचं पोर उपाशी असावं तसं ते झालं होतं. बायकोपाशी अजीजीने म्हणायचे, नुसता लेप बदलतो, बाकी कशाला हात लावत नाही. ती म्हणायची, नाही म्हणजे नाही.

पण एके दिवशी मुकादमांची दाढ काढायची ठरली आणि लेक त्यांना आपल्या दवाखान्यात घेऊन गेली. घर रिकामं. तापवाल्यांनी नंतर माझ्यापाशी शपथेवर सांगितलं की ते फक्त हात लावून पाहायला गेले होते. हात लावला, आणि मग त्यांच्याने राहवेना. डबा उघडला तर आतला लेप वाळून त्याची भुकटी झाली होती. इतक्या तापात हा इतकी वर्षं उभा कसा राहिला, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळं स्वच्छ पुसलं आणि आपल्याकडचा उत्तमातला उत्तम लेप लावला.

दुसऱ्या सकाळी सुजलेला गाल घेऊन मुकादम खेळायला बसले आणि हरले. पंखा हूं की चूं नाही. कॉम्प्युटरने शांतपणे त्यांचा वजीर खाल्ला, शांतपणे राजाला कोपऱ्यात घेतलं आणि शांतपणे मात दिली.  मुकादमांनी खाली वाकून डब्याला हात लावला.

"कुणी याचं औषधपाणी केलं?"

तापवाल्यांनी कबूल केलं.  त्या दिवसापासून मुकादम कॉम्प्युटरकडे पाठ करून बसू लागले. दाढी वाढली. जेवण अर्धं पानात राहू लागलं. लेकीने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नवऱ्याला सांगितलं, जसा होता तसा आजारी करून द्या.

आता इथून तापवाल्यांचा खरा वनवास सुरू झाला. बरं कसं करायचं हे त्यांना ठाऊक होतं. बेताचं आजारी कसं करायचं हे कुणीच शिकवलेलं नव्हतं. लेप अजिबातच न लावता जाळी बसवून पाहिली. कॉम्प्युटर पहिलं प्यादं हलायच्या आतच बंद पडला. मुकादमांनी मान वळवून एवढंच म्हटलं की हा मी बसायच्या आधीच रजेवर जातोय, याला जिंकणं म्हणत नाहीत. मग बायकोने दवाखान्यातून आणलेली टूथपेस्ट लावून पाहिली. ती सपशेल हलक्या दर्जाची ठरेल अशी तापवाल्यांची खात्री होती. पण ओली असेपर्यंत तिने उष्णता झकास वाहून नेली. मुकादम पुन्हा हरले आणि वर खोलीभर पुदिन्याचा वास सुटला. मग भिंतीला लावायची लांबी झाली, कणीक झाली. डब्यावर गोधडी घालून पाहिली, तेव्हा जळकट वास आला आणि शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावत आली. उत्तम कारागिराची सगळी कला पणाला लावून तापवाले एक वाईट काम करू बघत होते, आणि ते काही जमत नव्हतं.

शेवटी मुकादमांची समजूत घालायला मला बोलावलं. मी शाळेतल्या सवयीने सुरू केलं, की खेळात हार-जीत असायचीच. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"हरण्याचं नाही हो बाई. खेळाडू म्हणून मी किती पाण्यात आहे ते मला ठाऊक आहे. पण मी चाल केली की त्याला घाम फुटायचा. जिवाच्या आकांताने विचार करायचा बिचारा. या घरात मी काही बोललो तर सगळे 'हो बाबा' म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. माझं मनावर घेणारा तेवढा एकच होता. आता तोही 'हो बाबा' म्हणतो."

 माझी विद्यार्थिनी पदराशी चाळा करत उभी राहिली. तापवाले जमिनीवर बसले होते, हाताला कणीक लागलेली. ते उठले, हात धुऊन आले, माळ्यावरून लाकडी पट काढला आणि सासऱ्यांसमोर मांडला. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. उंट कुठला आणि घोडा कुठला इथपासून तयारी.

पहिली चाल त्यांनी घोड्याने केली आणि ती चुकली. मुकादम म्हणाले, "जावईबापू, घोडा असा तिरका नाही पळत." तापवाले म्हणाले, का नाही पळत, त्याला कोण अडवतंय. मुकादमांनी नियम सांगितला. तापवाल्यांनी नियमच चुकीचा ठरवला. वाद वाढला. तसं पाहिलं तर हा माणूस सासऱ्यांपुढे आजवर ब्र काढत नव्हता. पण आठवडाभराची टूथपेस्ट, कणीक आणि गोधडी त्यांच्या डोक्यात साचली होती. तापवाले पटावर ओणवे झाले. कान लाल झाले, कपाळावर घामाचे थेंब आले, नाकातून जोरजोरात श्वास येऊ लागला. एकेका प्याद्यासाठी ते अशी झुंज देत होते, की जणू घराचा उंबरठाच चालला आहे.

मुकादमांनी पटावरून नजर उचलली. जावयाकडे नीट पाहिलं. मग हात लांब करून पालथा हात त्याच्या कपाळाला लावला आणि क्षणभर तसाच ठेवला.

"चांगलाच आहे," ते समाधानाने म्हणाले, आणि त्यांनी वजीर पुढे सरकवला.

तापवाल्यांचा राजा अडकला. त्यांनी पटाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, ताडकन उठले, गिऱ्हाईक खोळंबलं आहे असं काहीतरी पुटपुटले आणि चपला घालून बाहेर पडले. चपला बायकोच्या होत्या.

मुकादमांनी हात झटकले. "गेला पळून. पोरी, वाढ मला."

तेव्हापासून त्यांचा रोज सकाळी डाव असतो. तापवाले कधी जिंकले नाहीत आणि एकही डाव त्यांनी शेवटपर्यंत खेळलेला नाही. टेबलाखालचा कॉम्प्युटर अगदी थंड असतो. त्याच्यावर माझी विद्यार्थिनी दवाखान्याचं काम करते. तापवाल्यांना यंदा रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. ती रोज डावाआधी त्यांच्या तळहातावर सासरे स्वतः ठेवतात.