फुजैरात तेरावा पत्ता

फुजैराला जायचं ठरलं ते समुद्रासाठी नाही, मूर्खपणासाठी. माझी नणंद वृषाली शारजाच्या अल नहदात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. तिच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आणि बाईसाहेबांनी सहा आठवडे एका टॅरोवालीला फोन करण्यात घालवले.

त्या टॅरोवालीचं फुजैराच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर होतं. इथे भविष्य सांगणं गुन्हा, म्हणून जाहिरातीत 'अंतर्मनाशी संवाद'. फी नऊशे दिरहम, म्हणजे एकवीस हजार रुपये! मी वाद घातला नाही. म्हटलं, गाडी मी चालवते. माझी बारा वर्षांची इरा हेडफोन लावून मागे बसली.

शनिवारी सकाळी लवकर निघालात तर दीड तास पुरतो. धैद गावापर्यंत वाळू, मग हजरचे डोंगर, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे. मसाफीच्या रस्त्याकडेच्या बाजारात गालिचे बघा, घेऊ नका. कराक चहा मात्र घ्याच, दोन दिरहममध्ये तरतरी येते. डोंगर उतरलं की समोर समुद्र आणि तेल भरायला थांबलेल्या जहाजांची रांग.

शिबिरात मी मागच्या खुर्चीवर बसले. टॅरोवाली स्वतःला कोच म्हणवत होती; पांढऱ्या लिननमधली, मुंबईचीच, पण मराठी तिला सोसत नव्हतं. हे पत्ते म्हणे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान. जमलेल्या वीस सुशिक्षित बायकांनी ते वहीत लिहून घेतलं! वृषालीसाठी तिने पत्ता काढला: तेरा नंबर, घोड्यावर सांगाडा. वृषालीचा चेहरा पांढराफटक पडला.

"डरो मत, ये मौत नहीं, ट्रान्सफॉर्मेशन है," कोच म्हणाली. "अभी बॉडी पे चाकू मत लगने देना. पूर्णिमा तक रुको."

"आणि गाठ थांबेल का पौर्णिमेपर्यंत?" मी मोठ्याने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच अपशकुन. जेवायला केरळी हॉटेलात तव्यावरची मासळी अप्रतिम होती. वृषालीने नुसता घास चिवडला.

रविवारी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर चार म्हातारे पत्ते खेळत, भांडत बसलेले. त्यातला एक फ्रेंच, बंदरावर इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलेला. इराने सरळ विचारलं, "व्हॉट गेम इज इट?"

"टॅरो," तो म्हणाला.

वृषालीचा चमचा थांबला.

तो मोडक्या इंग्रजीत सांगत गेला. हा खेळ पाच-सहाशे वर्षांपूर्वी इटलीतल्या श्रीमंतांनी काढला, फ्रान्समध्ये आजही घरोघरी खेळतात. भविष्य त्याला खूप नंतर चिकटलं, पॅरिसमध्ये. एका विद्वानाने इजिप्तची गोष्ट रचली, आणि तेव्हा इजिप्तची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे खोटं ठरवणार कोण?

"आणि तेरावा पत्ता?" वृषालीने विचारलं.

त्याने हातातला काढून दाखवला. ना घोडा, ना सांगाडा. बाजारात खरेदी करणारी माणसं आणि कोपऱ्यात तेराचा आकडा. "हुकमाचा पत्ता आहे. बाराला मारतो, चौदासमोर मरतो. बस."

"इट्स जस्ट अ गेम, आत्या," इरा म्हणाली.

त्यांनी वृषालीला एक डाव खेळायला बसवलं. ती हरली. शिबिराचा दुसरा दिवस सुरू झाला होता, तिकडे ती फिरकली नाही. बराच वेळ किनाऱ्यावर उभी राहिली, मग म्हणाली, "वहिनी, मला फार भीती वाटत होती गं. थांब म्हणणारं कुणीतरी हवं होतं. उद्याची अपॉइंटमेंट मिळेल?"

मिळाली. गाठ कर्करोगाचीच निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू आहे. आणखी लवकर आलो असतो तर केमो टळला असता का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. फुजैराला जरूर जा. मासळीसाठी, त्या निळ्या पाण्यासाठी जा. मला मात्र तिथलं आठवतं ते एवढंच, की घाबरलेल्या माणसाला 'थांब' म्हणणं किती सोपं असतं आणि त्याचे पैसेही मिळतात.

ऑपरेशनचं कुठूनसं कानावर गेलं असावं, गेल्या आठवड्यात कोचचा मेसेज आला: 'देखा? कार्ड ने बोला था, ट्रान्सफॉर्मेशन! फॉलो-अप सेशन पे डिस्काउंट है.'

वृषालीने एका हाताला सलाइन असताना दुसऱ्या हाताने उत्तर टाइप केलं, "खलास," आणि नंबर ब्लॉक केला.