सीतारामभाऊ म्हणाले, कवड्या

सीताराम गायकरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भर रस्त्यात उकिडवे बसून कुठल्या तरी जनावराच्या विष्ठेकडे टक लावून बघत होते. शेजारी मिटलेली छत्री, ओल्या फडक्यात गुंडाळलेली लशीची पेटी आणि डोक्यावर तिरपी काळी टोपी. मी पुण्याहून नव्या नेमणुकीवर आलेला देवी टोचणारा. बोर्ली पंचतनला ह्याच गृहस्थांच्या हाताखाली रुजू व्हायचं होतं, आणि साहेब असे भेटले. मी नाव सांगायच्या आत त्यांनी मान वर न करताच विचारलं, "वळखा बगू, कुनाची ही?"

"कुत्र्याची असेल," मी नाक मुरडून म्हणालो.

"तुमच्या पुन्यात कुत्री करवंदं खातात व्हय?" त्यांनी काडीनं बिया वेगळ्या करून दाखवल्या. "उदमांजर हाय. दगड बगून बसतंय, म्हंजे वासानं दुसऱ्याला कळावं, ही वाट माजी हाय." मग उठून त्यांनी धोतर झटकलं, माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले. त्या दिवसापासून मी त्यांचा 'पुणेकर' झालो. माझं खरं नाव त्यांनी फक्त सरकारी कागदावर वापरलं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. कुलाबा जिल्ह्याच्या त्या भागात आमचं काम पायीच चालायचं. बोर्लीहून म्हसळ्याकडे, तिथून तळा गावाच्या वाड्यांपर्यंत, मधे खाडी लागली तर होडीतून. गावात शिरलो की बायका पोरांना कडेवर घेऊन मागच्या दारानं पळायच्या. त्यांना थोपवायची सीतारामभाऊंची रीत न्यारी होती. ते देवीचं नावच काढायचे नाहीत. अंगणात बसून हळद्याची शीळ घालायचे, भेकराचं भुंकणं काढायचे, घुबडाचा घुत्कार करायचे. पोरं ओळखायला पुढे यायची, त्यांच्यामागून आया यायच्या, आणि तोवर सुई तयार असायची. वरिष्ठांना ह्याचा अहवाल कसा द्यायचा, हे मला कधी समजलं नाही.

चालता चालता त्यांची शिकवणी सुरू असे. पाखरू उडून गेलं की ते विचारत, "काय दिसलं?" मी म्हणे, "धनेश." ते वैतागत. "नाव न्हाय इचारलं. दिसलं काय, त्ये सांगा. पंख कसं हालत व्हते? आवाज पंखांचा व्हता का चोचीचा? बगितलं म्हंजे वळखलं न्हाय, पुणेकर." शेकरूचं घरटं, साळिंदराची उकर, तरसाचा माग, किनाऱ्यावर माडाच्या शेंड्यावर बसलेली गिधाडं, सगळ्याची अशी उलटतपासणी व्हायची. मी कंटाळायचो. खरं सांगायचं तर मला जंगलाची आवड नव्हती, नोकरीची गरज होती.

आवड होती ती माझ्या बायकोला. इंदू लग्नानंतर वर्षभरानं बोर्लीला आली. इथं तिचं कसं होणार, ह्या काळजीनं मी अर्धमेला झालो होतो. पण पहिल्याच आठवड्यात सीतारामभाऊ साळिंदराचा काटा घेऊन आले आणि तिनं तो अंबाड्यात खोवला. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. आम्ही फिरतीवरून परतलो की माझ्या हातात पाण्याचा तांब्या देता देता ती त्यांनाच विचारायची, "भाऊ, आज काय दिसलं?" ते नाव सांगत नसत. ओटीवर बसून नुसतं वर्णन करायचे. चाल, आवाज, वेळ. ती डोळे मिटून ऐकायची आणि नाव सांगायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. "वैनी टोचायला आल्या असत्या, तर तुमाला घरी भाकऱ्या भाजायला ठिवला असता," असं ते माझ्यासमोर म्हणायचे. मला थोडा हेवाही वाटायचा. आता त्याची लाज वाटते.

साप मात्र त्यांचा निराळाच विषय. त्या मुलखात फुरसं, घोणस, नाग, मण्यार सगळेच, आणि भातलावणीच्या दिवसांत तर रोज कुणाला तरी पान लागलेलं. साप चावला असं तिथं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. सापाच्या विषावरचं औषध श्रीवर्धनच्या दवाखान्यात मोजकं असायचं. पावसाळ्यात मोटार बंद, लाँच बंद. डोलीतून न्यायचं म्हणजे चार-पाच तास चिखल तुडवायचा. म्हणून कुणाला जनावर चावलं की लोक मारलेला साप घेऊन आधी भाऊंकडे यायचे. विषारी असेल तर डोली, नसेल तर घरी. भाऊंच्या शब्दावर माणसं निघायची किंवा थांबायची.

अडचण एकच होती. तिथली समजूत अशी, की मारणाऱ्याची छबी सापाच्या डोळ्यात उमटते आणि ती बघून त्याचा जोडीदार डूख धरतो. म्हणून साप मारला की आधी डोकं ठेचायचं आणि मग चुलीत घालायचं. भाऊंपर्यंत पोचेतो निम्मा साप जळालेला असे. भाऊ गावोगाव हात जोडून सांगायचे, "जाळा, माजं काय म्हननं न्हाय. पन आदी मला दावा." लोक माना डोलवायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा चूल.

मला त्यांनी कवड्या आणि मण्यार शिकवला तो असाच एका अर्धवट जळलेल्या सापावर. दोन्ही काळे, दोन्हींवर पांढरे पट्टे. कवड्या बिनविषारी, पालींच्या मागे घरात शिरणारा. मण्यार म्हणजे मरण. "पट्ट्यांवर जाऊ नका, जळल्यावर पट्टं कळत न्हाईत. पाठीच्या कन्यावरली खवली बगा. मोठी, सहा कोनांची दिसली की मण्यार. बाकीच्या अंगासारकीच असली तर कवड्या." मी आणि इंदू दोघांनी ती खवलं बोटानं मोजून पाहिली होती. इंदूनं तर वहीत चित्र काढून ठेवलं होतं.

त्याच सुमारास भाऊंची जवळची नजर जाऊ लागली होती. लांबचा गरुड ते माझ्या आधी टिपायचे, पण नोंदवही मात्र हात लांब करून धरायचे. मग वही माझ्याकडे आली. "अक्षर तुमचं ब्येस हाय." पुढे सुईही माझ्याकडे आली. "हात तुमचा हलका हाय." मी एकदा चष्म्याचं बोललो. ते हसले. "चष्मा लावल्याला मानूस जनावर वळखतो म्हनून कोन इस्वास ठिवील, पुणेकर?" मी पुढे विषय काढला नाही. त्यांच्या कमीपणाची ही गोष्ट गावात फक्त मला माहीत होती.

आषाढातली ती सकाळ. इंदू उठली तीच म्हणाली, पहाटे पोटरीला काही तरी चावल्यासारखं झालं, मुंगी असेल. चटई उचलली तर खाली साप. घरमालक धावून आले आणि त्यांनी काठीनं मारला. मी इंदूची पोटरी धुऊन बघत होतो, तेवढ्यात घरमालकीण काशीबाईंनी रीतीप्रमाणे त्याचं डोकं ठेचून तो चुलीत घातला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. आमच्या भल्यासाठीच केलं त्यांनी. मी चिमट्यानं ओढून काढला तेव्हा मधला वीतभर तुकडा तेवढा शाबूत होता.

सीतारामभाऊ भिजत आले, त्यांनी इंदूची पोटरी पाहिली. मी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दाराशी उजेडात नेला आणि हात लांब केला. मग आणखी लांब केला. मी बाजूलाच उभा होतो. त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. त्यांना ती खवलं दिसत नाहीत, हे मला माहीत होतं. माझी नजर चांगली होती, काय बघायचं तेही ठाऊक होतं. तुकडा मागून घ्यायला हात पुढे करायचा, एवढंच. मी केला नाही. मला ऐकायचं होतं ते एकच नाव, आणि ते ऐकायच्या आधी मला काही बघायचं नव्हतं.

"कवड्या हाय," भाऊ म्हणाले. "सूज न्हाय, दातांच्या खुना नीट दिसत न्हाईत. घरात येतो त्यो कवड्याच."

आतून इंदूनं विचारलं, "भाऊ, काय होतं?"

"कवड्या, वैनी."

ती हसली. "उगाच घाबरवलंत सगळ्यांनी. आणा इकडे, मी बघते."

"जळलेलं घाण काय बघायचंय सकाळी सकाळी," मी म्हणालो आणि तुकडा वळचणीला टाकला. तिनं चहा केला. आम्ही तिघं प्यायलो.

दहाच्या सुमारास तिच्या पोटात दुखू लागलं. मग म्हणाली, पापण्या जड झाल्यात, झोप येतेय. तिच्या पापण्या वर होईनात तेव्हा भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोलीवाल्यांना हाका मारत पावसात धावले. डोलीचा पुढचा दांडा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला, पन्नाशी उलटलेल्या माणसानं. श्रीवर्धनच्या निम्म्या वाटेवर तिचा श्वास थांबला. कुठं थांबला ते मी दाखवू शकेन, पण त्या रस्त्यानं मी पुन्हा गेलो नाही.

सगळं आटोपल्यावर संध्याकाळी मी वळचणीतून तो तुकडा काढला. पावसानं काजळी धुतली गेली होती. कण्यावरची मोठी, सहा कोनांची खवलं नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसत होती. मी तो परसात पुरला. तिसऱ्या दिवशी भाऊ आले आणि विचारलं, "त्यो तुकडा कुठं हाय?" मी म्हणालो, "फेकला." त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

मी रागावलो नाही असं लोक समजत. मी रागावलो होतो. महिनोन्महिने मला भाऊंचं तोंड बघवत नव्हतं, आणि बघवत नव्हतं कारण त्यांच्या तोंडात मला माझंच दिसायचं. ते मात्र चावडीवर, बाजारात, कुणीही विचारो न विचारो, सांगत, "माज्या हातनं चूक झाली. मी वैनीला मारली." मांडव्याच्या बोटीनं मुंबईला जाऊन त्यांनी चष्मा आणला, दोरीनं गळ्यात बांधला, आणि त्यानंतर एकाही जनावराचं नाव घेतलं नाही. डोक्यावरून पाखरू ओरडत जाई, पोरं विचारत, "भाऊ, ह्ये काय?" ते म्हणत, "मला म्हाईत न्हाय, बाला." लोक साप घेऊन आले की ते सरळ डोली बोलवायचे, धामण असली तरी. त्यांना टाळून चालणं मला जमेना. मी पेणला बदली मागून घेतली.

नऊ वर्षांनी निरोप आला की सीतारामभाऊ तळ्याला लेकीकडे शेवटच्या अंथरुणावर आहेत. मी गेलो. पायांना सूज, धाप, पण ओळख शाबूत. "पुणेकर आलं," ते लेकीला म्हणाले. ती चहा ठेवायला आत गेली. एवढी वर्षं घशात धरलेलं मी तेव्हा बोललो.

"भाऊ, तुम्हाला जवळचं दिसत नव्हतं हे मला त्या दिवशी ठाऊक होतं. तुकडा मी बघू शकत होतो. इंदूसुद्धा मागत होती. मी बघितला नाही आणि तिलाही दाखवला नाही. नंतर बघितला. मण्यार होता."

भाऊ श्वास गोळा करून म्हणाले, "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच. तुमी माज्या तोंडाकडं बगत व्हता, तुकड्याकडं न्हाय."

"मग गावात एकट्यानं का घेतलंत अंगावर? एकदा तरी बोलायचं होतं मला."

त्यांनी माझा हात शोधून धरला. त्यांचा हात सुजलेला होता आणि गरम होता. "तुमची बायको गेली व्हती, पुणेकर. आनखी काय काय घेऊ तुमच्याकडनं?"

मी त्यांच्या उशाशी बसून रडलो. इंदू गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. चहा आला, तो तसाच निवला. आठ दिवसांनी ते गेल्याचं पत्र आलं.

बोर्लीत अजूनही सांगतात की सीताराम गायकराच्या चुकीनं एक तरणी बाई गेली. ह्यातलं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझं आहे, म्हणून मी ते इथं लिहिलं.