कुंडलीत मंगळ कुणी घातला

मामाचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. माझ्या धाकट्या बहिणीसाठी कळमनुरीचं स्थळ त्यानंच आणलं होतं. मुलगा बँकेत, वडील निवृत्त शिक्षक, घर बरं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, दोघं फोनवर बोलू लागले होते, फक्त तारीख काढायची राहिली होती. मामा इकडचं तिकडचं काही बोललाच नाही. म्हणाला, "त्यांच्या गुरुजींनी पोरीची पत्रिका काढली. सातव्या घरात मंगळ निघाला. तुमी दिलेल्या पत्रिकेत तर न्हाई."

मी म्हणालो, मग त्यांची चुकली असेल.

मामा म्हणाला, "ते म्हणून राहिले, पोरीचा भाऊ कॉम्प्युटरवाला हाय. त्यानं पाहिजे तशी काढली असंल."

मी ताट बाजूला सारलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेत आलो, माझ्यावर कुणी घेतल्याचं हे पहिलंच.

मी वसमतला राहतो आणि घरात बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी कागदाची चिकटपट्टी लावलेली आहे. फोनमध्ये नवीन काही घ्यायचं तर ते आधी काय काय मागतंय ते वाचतो. विजेरीच्या ॲपला आपले फोन नंबर काहून पाहिजेत, असं मी एकदा लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं, त्यावर अजून हसतात. हसोत. प्रोग्राम लिहिणारा माणूस काय काय करू शकतो हे मला ठाऊक आहे, कारण मी रोज तेच करतो. बटणावर एक नाव लिहायचं आणि आत दुसरंच काम करायचं, याला फार अक्कल लागत नाही.

चोरीचं सॉफ्टवेअर भरून घेऊ नका असं मी कुणाला सांगितलं, की लोकांना वाटतं मी नीतिपाठ देतोय. कंपन्यांचा कळवळा मला फारसा नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्यानं त्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलं त्यानं आपल्यासाठी एवढी मेहनत काहून घेतली? तो आपला ना सोयरा ना शेजारी. कुलूप तोडून देणाऱ्यानं जाताना किल्ली स्वतःकडे ठेवली नसेल कशावरून? आणि विकत घेतलेलं तरी कुठं कुणी उघडून दाखवतं? म्हणून शक्यतो मी ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असंच सॉफ्टवेअर वापरतो. बहिणीची पत्रिका बाबांनी मला काढायला सांगितली, तेव्हा ती मी अशाच एका मोफत प्रोग्रामवर काढली. बाबा तहसीलमध्ये कारकून होते, सगळं छापील आणि नीट मांडलेलं त्यांना लागतं. ग्रह कुठे पडले ते मी बघितलंही नव्हतं. कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला.

आता तोच कागद आमच्यावर उलटला होता.

घरात बाबांनी तो कागद पुन्हा काढून बघितला. आई म्हणाली, आपण काही लपवलं नाही तर भ्यायचं कशाला. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं. मंगळ हे निमित्त आहे. यांना दुसरं मोठं स्थळ आलं असणार आणि मागं फिरायला कारण पाहिजे असणार. मी मुलाची फेसबुकवरची सगळी पानं चाळली. त्याच्या मित्रांची चाळली. काही सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखीच वाढला. इतकं स्वच्छ कुणी कसं असतं?

बहीण कुरुंद्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी ती स्कूटीवरून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, त्याचा फोन आला होता. काय म्हणाला, तर मंगळाचं घरी माहीत होतं का, असं विचारत होता. तिनं फोन ठेवून दिला होता. रडली वगैरे नाही. चहा केला, स्वतःपुरता, आणि गॅलरीत जाऊन बसली.

दोन्ही पत्रिकांचे फोटो मी शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो. ज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण आकाश मोजायचं गणित खरं असतं, आणि गणितात दोघं बरोबर असू शकत नाहीत. तारीख तीच, वेळ तीच, गाव तेच. तरी घरं सगळी सरकलेली. मी आईला विचारलं, हिचा जन्म झाला तेव्हाचं काय आठवतं. आई म्हणाली, सरकारी दवाखान्यात खिडकी उगवतीला होती. नर्सनं लेकरू माझ्याजवळ दिलं तेव्हा नुकतं ऊन आत येऊन राहिलं होतं.

तिथंच मला सापडलं. पत्रिकेतलं पहिलं घर म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास. सूर्य उगवताना जन्मलेल्या लेकराचा सूर्य पहिल्या घरात असला पाहिजे, याला शास्त्र नको, डोळे पुरे. माझ्या कागदावर तो पहिल्याच घरात होता. गुरुजींच्या कागदावर दहाव्या घरात होता, म्हणजे पार डोक्यावर. त्यांच्या कॉम्प्युटरनं माझ्या बहिणीला दुपारी जन्माला घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन मी निघालो. हळद शिजवायचे दिवस होते, कुरुंद्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाफेचा तो कडवट वास. वारंगा फाट्यावरून कळमनुरीला वळेपर्यंत मामा मला बजावत होता, की तिथं जाऊन भांडायचं नाही. मी भांडणार नव्हतो. गुरुजी यात सामील आहेत की नाहीत, एवढंच मला बघायचं होतं.

गुरुजी देवळाच्या मागं राहतात. साठीचे, बारीक, बोलायला हळू. कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड टाकलेलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात दसऱ्याचं हळदकुंकू अजून तसंच. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पण मी खुर्ची पुढं ओढताच म्हणाले, "हात लावू नका. काय करायचं ते तुमी सांगा, मी दाबतो."

मला राग आला आणि बरंही वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर होतं. मी म्हणालो, गुरुजी, आजच्या सूर्योदयाची वेळ त्यात बघा आणि आजच, त्याच वेळी, कळमनुरीतच एक लेकरू जन्मलं असं समजून पत्रिका काढा. त्यांनी चष्मा लावून कॅलेंडर बघितलं, एका बोटानं आकडे टाकले. पत्रिका आली. सूर्य दहाव्या घरात.

मामाला काही कळलं नव्हतं, तो आमच्या तोंडाकडे बघत होता. गुरुजींनी गाव बदलून नांदेड केलं, पुन्हा दाबलं. दहाव्या घरात. मग त्यांनी मावळतीची वेळ टाकली. मावळताना सूर्य सातव्या घरात यायला पाहिजे, तो चौथ्यात गेला. गुरुजी खुर्चीत मागं टेकले.

मी त्यांना सेटिंगचं पान उघडायला लावलं. लंडनच्या वेळेपेक्षा आपली वेळ साडेपाच तास पुढं आहे, हे तिथं बराबर लिहिलेलं होतं. फक्त हिशेबात ते घेतलं जात नव्हतं. पडद्यावर एक आणि आत दुसरंच. सकाळी सहाचा जन्म ते सॉफ्टवेअर साडेअकराचा धरत होतं आणि वरवर तसं काहीच दाखवत नव्हतं.

"हे कुठून घेतलं, गुरुजी?"

फाट्यावरच्या एका दुकानात, म्हणाले. आधीचं दुसरं होतं, ते चांगलं चालत होतं. मशीन बिघडली तेव्हा दुकानदारानं सगळं पुसून नवीन भरून दिलं. हे जास्त भारी आहे, रंगीत छापतं, असं म्हणाला होता. ओरिजिनल आहे का, असं काही त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

हे कुणी केलं असेल, याचा मी आजही विचार करतो. काही बनवणारे मुद्दामच अशी सोय करून ठेवतात. आपलं कुलूप तुटलंय हे ओळखलं की प्रोग्राम बंद पडत नाही, तो चालू राहतो आणि हळूच चुकीचं सांगू लागतो. खेळांच्या सॉफ्टवेअरमध्ये असले प्रकार झाल्याचं मी वाचलं आहे. चोराला शिक्षा म्हणून ते ठीक, पण इथं शिक्षा झाली ती माझ्या बहिणीला. की कुलूप तोडणाऱ्याच्या हातून एखादी ओळ कापली गेली? की फाट्यावरच्या दुकानदारानं कुठलं तरी अर्धवट डाउनलोड केलेलं भरलं? तिघांपैकी कुणालाही मी सोडायला तयार नाही, आणि एकालाही धरता येत नाही.

आणि गुरुजी? इतके दिवस पत्रिका काढताना सूर्य कुठं पडतोय हे त्यांना दिसलंच नसेल? मी तसं विचारलं, शक्य तितक्या नरमाईनं. ते म्हणाले, "लोकं गुण विचारतात, मंगळ विचारतात. मी तेवढंच बघतो. सूर्य कोण बघतं?" मला ते पुरतं पटलं नाही. पण त्यांचा हात कॉम्प्युटरवरचं ते कापड चुरगाळत होता, ते मी बघितलं.

मी म्हणालो, या मशीनवर आजवर ज्यांच्या पत्रिका काढल्या त्यांना कळवायला पाहिजे.

गुरुजींनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "काय कळवू? जुळलेलं मोडायला जाऊ, का मोडलेलं जुळवायला जाऊ?"

मामानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे आता पुरे. गुरुजींनी आमच्यासमोरच मुलाच्या वडिलांना फोन लावला. सबब सांगितली नाही. मंगळ नाही, माझ्या मशीनची गफलत झाली, पोरीकडच्यांची पत्रिका बराबर आहे, असं सरळ बोलले. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

मुलाच्या वडिलांचा संध्याकाळी बाबांना फोन आला. मशीनचं असंच असतं म्हणाले, आता आमची काही हरकत नाही. आम्ही त्यांच्याकडे परवानगी मागायला गेलो होतो, असाच काहीसा सूर. बाबा मात्र मोकळे झाले, आईनं साखर वाटली. मी विजयी मुद्रेनं बहिणीला सगळं समजावून सांगू लागलो, लंडनची वेळ, साडेपाच तास. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मशीनचं कळलं, दादा. घरी माहीत होतं का, असं त्यानं मला विचारलं, त्याचं काय?"

तिला त्याला समोर भेटायचं होतं, घरात नाही. वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलात ठरलं. सोबत म्हणून मी गेलो आणि चार टेबलं सोडून बसलो. ट्रक लागत होते, सुटत होते, त्यामुळे दोघांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्याचे हात तेवढे दिसत होते. ते सारखे पाण्याच्या ग्लासाभोवती फिरत होते.

परत येताना तिनं मला सांगितलं. तिनं त्याला एकच विचारलं होतं, की मंगळ खरंच असता आणि आम्हाला माहीत नसता, तर तू काय केलं असतंस? त्यानं आधी माफी मागितली. मग म्हणाला, वडिलांसमोर उभं राहून बोललो असतो की नाही, ते मला माहीत नाही.

मी म्हणालो, असं बोलायचं पाठ करून आला असेल.

"पाठ करून आला असता तर याच्यापेक्षा चांगलं उत्तर आणलं असतं," ती म्हणाली. मग हेल्मेटचा पट्टा आवळला आणि सांगितलं की ती हो म्हणून आली आहे.

लग्न झालं. नीट चाललं आहे. मुलगा शांत आहे, माझ्याशी जपून बोलतो, मीही त्याच्याशी. त्याच्या वडिलांचं आणि माझं फार जमत नाही, पण सणावाराला निभतं.

पहिल्या दिवाळीला बहिणीकडे गेलो, तेव्हा गुरुजींकडेही डोकावलो. माझ्याजवळचा तो मोफत प्रोग्राम त्यांच्या मशीनवर टाकून द्यावा असं मनात होतं. त्यांनी चहा मागवला आणि बारकाईनं विचारलं, हे फुकट आहे का. मी हो म्हणालो. मग ज्यांनी केलं त्यांना काय भेटतं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की काही लोक हौसेनं करतात, आतलं सगळं उघडं असतं, त्यामुळे कुणी बदमाशी केली तर दिसते, कारण सगळ्यांना बघता येतं.

"सगळ्यांना बघता येतं, म्हंजे बघतं कोण?" गुरुजी म्हणाले. "तुमी बघितलं का, पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

मी खोटं बोललो नाही. नाही म्हणालो.

"मग राहू द्या," ते म्हणाले, आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

घरी आल्यावर मी तो प्रोग्राम उघडला आणि वाचायला बसलो. माझ्याकडून होईल तसं, कामातून वेळ काढून, वाचतोय. तारखांचा भाग संपला, आता चंद्राच्या गतीचा चालू आहे. लिहिणारा कुणी तरी फार नीटस माणूस असावा. अजून तरी त्याची चूक सापडलेली नाही.