पट एक, हजर एक

औषधांच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोमागे, दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. काम एकच: कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या पोरापोरींना स्वतःची कंपनी काढायला मदत करायची. मंडळी हुशार, पण पोटात काही राहत नाही. नवीन काही हाती लागलं की सांगत सुटतात. पेटंटचा अर्ज करण्याआधी चारचौघांत सांगितलं की शोध जगाचा झाला, कंपनी बसली. म्हणून माझा पहिला नियम: अर्ज जाईपर्यंत गप्प. घरीसुद्धा बोलायचं नाही.

तेव्हा माझ्याकडे डोंबिवलीची एक मुलगी यायची. लाळेच्या थेंबावरून तोंडाच्या कॅन्सरची शंका लवकर दाखवणारी कागदी पट्टी तिने बनवली होती. कारण घरातच होतं. तिचे बाबा शाळेत शिक्षक. आजार उशिरा कळला, अर्धी जीभ गेली, बोलणं अस्पष्ट झालं. आता तो आजार पुन्हा उलटला होता.

एका स्पर्धेत तिची निवड झाली आणि सोसायटीने सत्कार ठरवला. मीही गेले, पहारा द्यायलाच म्हणा ना. गच्चीवर खुर्च्या, शाल, श्रीफळ, आणि बाजूला चक्क एक फळा. बाबांनी तो जुन्या शाळेतून मागून आणलेला. वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'आजचा विषय', पुढे कोरी जागा. कोपऱ्यात, वर्गात असतं तसं, 'पट' आणि 'हजर'. लेकीने सगळ्यांना समजावून सांगावं, एवढीच त्यांची हौस. ते अक्षर मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही.

"काम अजून चालू आहे," ती माइकवर म्हणाली. "आत्ता नाही सांगता येणार."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "काय शिष्ट झालीय रे ही!" बाबांनी हातातला खडू खिशात ठेवला. मला मात्र त्या संध्याकाळी स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली.

अर्जाआधी चाचण्या आणखी एकदा करायच्या, हा हट्टही माझाच. त्यात महिने गेले. बाबांचं जेवण नळीवर आलं. एक दिवस ती माझ्या टेबलासमोर बसून रडायला लागली. "मॅडम, बाबा रोज विचारतात. मी रोज काहीतरी दुसरंच बोलते. अर्ज जाईपर्यंत ते थांबतील का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेरच्या लॅबवाल्यांची आम्ही गुप्ततेच्या कागदावर सही घ्यायचो आणि सगळं सांगायचो. मग बापाची सही का नाही? इतकी साधी गोष्ट मला इतके महिने सुचली नव्हती. नियम माझा होता आणि त्याची किंमत ती दोघं मोजत होती. मला स्वतःची लाज वाटली.

त्याच दुपारी कागद घेऊन आम्ही डोंबिवली गाठली. बाबांनी चष्मा लावून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली. फळा गॅलरीत होता, अक्षरं तशीच. तिने कोऱ्या जागेत विषय लिहिला आणि तासभर शिकवलं. मी दाराशी उभी होते. शेवटी ते काहीतरी बोलले. मला समजलं नाही, तिला समजलं.

"हे तेव्हा असतं तर, असं विचारतायत," ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "तर आज तुम्ही मला खणखणीत आवाजात रागावला असतात, बाबा."

ते हसले. भिंतीला धरून उठले, खडू घेतला आणि कोपऱ्यात लिहिलं: पट १, हजर १.

पुढे अर्ज गेला, मानपाड्याला कंपनी उभी राहिली. ती बघायला बाबा नव्हते. फळा तिथे मीटिंगच्या खोलीत आहे. रोज पुसतात, तेवढा कोपरा सोडून.

नवीन मंडळी आली की मी अजूनही दरडावते, गप्प बसा म्हणून. फक्त त्याआधी विचारते, घरी ऐकायला कोण थांबलंय? आणि सहीचा एक कागद जास्तीचा देते.