तोंडावर वाचलेली बातमी

पेपर हातात आला की अण्णा आधी शेवटचं पान उघडत. चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरत आणि म्हणत, "कोण गेलं ते बघू द्या आधी. बाकीचं जग थांबतंय."

उमरग्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल, आणि अण्णा जुने तालुका वार्ताहर. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या हातून पेपर सुटत नाही आणि बाकीचे ताटकळत बसतात.

त्यांची एक खोड सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. बातमी ज्याच्याविरुद्ध असेल, त्याच्यासमोर बसून ती आधी वाचून दाखवायची आणि मगच पाठवायची. एका पुढाऱ्यानं एकदा त्यांच्या अंगावर चहा फेकला. अण्णा म्हणाले, "व्हय, पण मजकुरात चूक काय ते सांगा की!" डाग पडलेला तो सदरा ते नंतरही खुशाल घालत.

पुढं आमच्याकडं एक साप्ताहिक फुकट येऊ लागलं. एका जहाल संघटनेचं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, आणि सगळ्या बातम्याच. निदान तशा दिसणाऱ्या. तरुण पोरं त्यावर तुटून पडत. अण्णांनीही चार-दोन अंक बारकाईनं वाचले.

"लई चमत्कारिक पेपर हाय," ते म्हणाले. "ह्यात म्हातारपणानं कुणी मरतच न्हाय. बाजारभाव न्हाय, चुकीची दुरुस्ती न्हाय. ह्यांची माणसं कधी हरत न्हाईत, आन् बातमीदाराचं नाव तर कुठंच न्हाय. ही बातमी न्हाय, भरतीची जाहिरात हाय."

"मग बंद करू का?"

"राहू द्या. लपवलं की त्याला भाव येतो."

मला काही ते पटलं नाही. आणि एके दिवशी अंकात हायवेवरच्या आमच्या पंक्चरवाल्याचा फोटो आला. हा रस्त्यावर खिळे टाकून 'आपल्या' लोकांच्या गाड्या उलटवतो, असं खाली छापलं होतं. बिचारा हातावर पोट असलेला माणूस. त्यांच्या 'आपल्या'त तो बसत नव्हता, एवढंच. दुपारी दहा-बारा पोरं त्याचं दुकान पेटवायला निघाली. अण्णा अंक काखेत मारून माझ्या स्कूटरवर मागं बसले आणि म्हणाले, "चला."

आम्ही आधी पोचलो. अण्णा दुकानापुढं पडलेल्या एका टायरवर ठाण मांडून बसले. पोरं आली तसा त्यांनी सगळ्यात पुढच्याच्या हातात अंक दिला.

"वाच. ह्याच्याकडं बघून वाच. मोठ्यानं."

"वाचायचं काय त्यात? छापलंय की!"

"छापलंय ना? मग भितोस कशाला?"

पोरानं पहिली ओळ जोरात वाचली. दुसऱ्या ओळीला त्यानं मान वर केली. समोर पंक्चरवाला ओली ट्यूब हातात धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "दादा, परवा तुमीच गाडी ढकलत आणली होती ना? पंक्चर मीच काढलं की."

पोराचं वाचणं तिथंच थांबलं. मागची पोरं एकेक करून सटकली. शेवटी त्यानंही अंक टायरवर ठेवला आणि निघून गेला. अण्णा मात्र दुकान बंद होईपर्यंत हलले नाहीत. उठताना मी हात दिला. इतका अभिमान मला दुसऱ्या कुणाचा कधी वाटलेला नाही.

पुढच्या अंकात अण्णांचाच फोटो होता, वर 'गद्दार' असं ठळक. तो मजकूर त्यांनी वाचनालयात स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवला. "फोटो बरा आलाय. घरी दावतो," म्हणाले. त्यानंतर काही लोकांनी त्यांना रामराम घालणं सोडलं. ते त्यांना लागलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. साप्ताहिक अजून येतं. आजच्या अंकात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारातल्या एका बांगडीवाल्या बाईंचा फोटो आहे. खालचा मजकूर मला इथं लिहवत नाही. वाचनालयाला कुलूप लावून मी वाशीकडं निघालोय; एसटीत बसूनच हे लिहितोय. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? तिथं अंक कुणाच्या हातात द्यायचा, तेही ठाऊक नाही. अण्णा, आज तुम्ही हवे होतात.