हिवाळाभर ओढलेला हँडब्रेक

मुटुप कसा माणूस होता, असं कुणी विचारलं की नोर्फेल आधी ट्रकांचंच सांगतो. लडाखातल्या निम्मू गावच्या ट्रकतळावर दोघांचे ट्रक कित्येक वर्षं शेजारीशेजारी उभे राहिले. पण बायको गेल्यावर मुटुप रडला का, तरुणपणी तो लेह सोडून एक वर्ष कुठे राहिला होता, त्याला भीती कशाची वाटायची, यांतलं नोर्फेलला काहीच ठाऊक नाही. त्याला ठाऊक होता तो मुटुपच्या इंजिनाचा आवाज. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी भर उन्हाळ्यात मुटुप श्रीनगरला गाडीतच झोपला आणि उठला नाही. गाव म्हणालं, म्हाताऱ्याला जाऊच द्यायला नको होतं. नोर्फेलला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. असं बोलणाऱ्यांनी त्या वसंतात मुटुपला पाहिलं नव्हतं.

श्रीनगरच्या वाटेवरच्या झोजिला खिंडीत बर्फ कापायला यंत्रं लागल्याची बातमी आली, तसे तळावर सगळे आपापल्या ट्रकखाली शिरले. मुटुपने चुलीशेजारी गोणपाटात गुंडाळून ठेवलेली बॅटरी पाठीवर घालून आणली. डिझेलच्या टाकीचा तळाचा बोल्ट काढला. आधी पाणी आलं, मग काळा गाळ, मग स्वच्छ धार. नवा फिल्टर बसवून तो हातपंप मारत राहिला. नळीतले बुडबुडे संपेपर्यंत थांबला नाही. हवेच्या फिल्टरात उंदरांनी लोकरीचं घर केलं होतं.

"बघ, माझ्या आधी यांनी गाडी भरली," तो नोर्फेलला म्हणाला.

इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि चालू झालं. मुटुपने गिअर टाकला. ट्रकने नुसता गचका खाल्ला. मागची चाकं जागची हलेनात.

नोर्फेल केबिनवर चढला आणि बघतच राहिला. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढलेला होता.

लडाखात शरद ऋतूत ट्रक उभा करताना हँडब्रेक कुणी ओढत नाही. चाकांना दगड लावायचे, गिअरमध्ये ठेवायचं आणि घरी जायचं. ओढला तर ओल धरलेली ब्रेकची लाइनिंग गंजून चाकाच्या ड्रमला चिकटून बसते. हे ड्रायव्हरांच्या बायकांनासुद्धा ठाऊक असतं.

"आचो, हा कुणी ओढला?" नोर्फेल मुटुपला थोरल्या भावासारखं आचो म्हणायचा.

"मीच. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"चोर आले असते तर?"

"निम्मूत ट्रक चोरायला कोण येणार? आणि तोही तुमचा?"

"माझाच नेतील. तुझा कोण नेतो!"

मुटुपचा मुलगा स्तोब्दान लेहहून आला होता. भिंतीला टेकून तो सगळं ऐकत होता. तो हसला नाही. "आबा, तुम्ही हँडब्रेक ओढून ठेवलात? तुम्ही?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "आता बस झालं. शनिवारी भंगारवाल्याला बोलावतो."

"बोलाव की. शनिवारीच ट्रकवाल्यांच्या संघाची तपासणी आहे. गोन्पाच्या मठाखालच्या चढावर गाडी थांबली नाही, तर खुशाल घेऊन जा म्हणावं."

"आणि थांबली तर?"

"तर त्याला चहा पाज आणि परत पाठव. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मागची चाकं काढली. ड्रम ब्लोलँपच्या ज्योतीने तापवले, वरून घण घातले. पहिला ड्रम निघाला तो लाइनिंगचे तुकडे घेऊनच. दुसऱ्याला नोर्फेलने हात घातला, तसा मुटुपने त्याला बाजूला सारलं.

"चूक माझी, चाक माझं."

"म्हणजे विसरलात ना?" नोर्फेलने हळूच विचारलं.

ट्रकखाली मुटुपने आणखी दोन घण घातले.

"विसरलो. मग? म्हातारा झालो म्हणून घरी बसायचं, तर आधी झोजिलाला बसवा. तो माझ्याहून म्हातारा आहे. पाना दे इकडे."

नोर्फेलने पाना दिला. स्तोब्दानने नंतर त्याला गाठून विचारलं, "काका, तुम्हीच सांगा, आबांना जाऊ द्यावं का?" नोर्फेल जन्माचा बुजरा. तरी म्हणाला, "विसरणाऱ्या माणसाने गाडी चालवू नये, हे खरं. पण विसरलेलं निस्तरायला जो स्वतः गाडीखाली शिरतो, त्याला मी तरी अडवणार नाही."

शनिवारी नवी लाइनिंग बसवलेला, दगडांनी भरलेला ट्रक चढाला लागला. संघाचा अध्यक्ष गेलेक मुटुपच्या शेजारी बसला होता. खाली स्तोब्दान, भंगारवाला आणि अर्धं निम्मू. मधल्या, सगळ्यात उभ्या वळणावर गेलेक आजोबांना सांगावं तसं म्हणाला, "मेमे, थांबवा."

मुटुपने ट्रक थांबवला, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालून बसला.

"मेमे, पाय खाली ठेवा!" गेलेकने दाराची कडी धरली.

"कशाला? दुखतात." मुटुपने थर्मास काढला, लोण्याचा खारट गुरगुर चहा ओतला आणि वाटी गेलेकपुढे धरली. "घे. गरम आहे तोवर."

गेलेकला पूर्ण वाटी प्यावी लागली. ट्रक बोटभरही सरकला नाही. खाली कुणीतरी शिट्टी मारली. भंगारवाल्याला चहा स्तोब्दाननेच दिला आणि रस्त्यापर्यंत सोडून आला. परत आला तेव्हा हातात ओलं फडकं होतं; तो बापाच्या ट्रकची काच पुसायला लागला.

रस्ता उघडला त्या सकाळी पहिल्या रांगेत मुटुपचा ट्रक होता. नोर्फेलची पाळी पुढच्या आठवड्यात होती, तो निरोप द्यायला उभा होता. मुटुपने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"श्रीनगरहून काय आणू?"

"वांगी आणा. हिवाळाभर सुकवलेली पालेभाजी खाऊन जीव विटला."

"कोवळी की मोठी?"

"मिळतील तशी."

"मिळतील तशी कुणी मागतं का? नीट सांग."

"कोवळी."

"बरं. आता बाजूला हो, धूर खाशील."