शेवटून पहिला धडा

आमची ताई नववीला इतिहास शिकवते. म्हणजे निदान सुरुवातीचा तरी शिकवते. पुस्तकात शेवटी आजी-आजोबांच्या काळाचे धडे आहेत, पण तिथवर तिची गाडी कधी पोचतच नाही. पहिल्या राजाला तख्तावर बसवण्यात ती इतकी रमते, की त्याला उठवेपर्यंत वार्षिक परीक्षा दारात. "पोर्शन राहिला रे," म्हणत ती दरवर्षी हिरमुसून घरी यायची आणि मी म्हणायचो, "राजाला जरा लवकर मारत जा की!"

यंदा मात्र सुट्टीतच तिनं वर्षाच्या नियोजनाचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले आणि सगळे धडे उलटे लावले. आधी आज, मग काल, मग परवा. तेवढे दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाईंनी, आराखडा पाहिला, चष्मा पुसला आणि परत पाहिला.

"घर छपरापासून बांधतेस का गं?"

ताई हटेना, तेव्हा म्हणाल्या, "एक तास मी मागे बसून बघणार. नाही पटलं, तर नववी दुसऱ्या कुणाला देईन. तू पाचवी घे."

पाचवीची पोरं गुणी असतात. पण ताईचा जीव अडकलाय तो नववीतल्या आगाऊ, घामट, उलट बोलणाऱ्या पोरांत. तिला तीच हवीत. आवड एकेकाची.

त्या तासाला तिनं फळ्यावर सन लिहिला नाही की राजा लिहिला नाही. सरळ विचारलं, "तुमच्या घरात शाळेत गेलेली पहिली बाई कोण?"

"आमची आत्या. म्हणून तर सगळ्यांना ओरडते!"

वर्ग हसला. मग पोरंच एकमेकांना विचारू लागली, "आणि त्याआधी? त्याआधी का नाही?" तेवढ्यात एक भोचक मुलगी मागे वळली. "मोठ्या बाई, तुमच्या घरात?"

ताईला वाटलं, गेली नववी!

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मीच. आई मला सोडायला यायची आणि वर्गाच्या खिडकीखाली बसून राहायची. शिपायानं हुसकलं की उठायची, तो गेला की परत बसायची. पाढे तिचे माझ्याआधी पाठ झाले."

कुणी हसलं नाही. घंटा झाली तरी कुणी उठलंही नाही. जाताना बाई ताईला एवढंच म्हणाल्या, "आराखडा दे, सही करते."

हे सगळं ताईनं घरी येऊन आम्हाला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा अभिनयासकट. मग एकदम थांबली. आई शेंगा सोलत होती.

"आई, आपल्याकडे पहिली कोण गं?"

"तुझी आजी. चौथीपर्यंत. मग मी."

"तुला इतिहास आवडायचा?"

"छे! नुसत्या मारामाऱ्या. मला भूगोल. नद्या तर तोंडपाठ."

"अजून येतात?" ताई तिला खेटून बसली.

आईनं शेंगा बाजूला सारल्या, पदराला हात पुसले आणि उगमापासून सुरुवात केली.